बगळा पांढरा राहावा, डोळा टोकदार यावा: पक्ष्यांच्या फोटोतलं एक्स्पोजर आणि फोकस, टप्प्याटप्प्याने

हिवाळ्यातल्या रविवारी पुण्याजवळच्या कवडीपाटला पक्षी बघून परतताना सोलापूर रस्त्यावर चहाला थांबलं की शेजारच्या टेबलांवरून दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "बगळा जळला", म्हणजे उजेड जास्त होऊन पांढऱ्या पिसांचा तपशील उडाला. दुसरं, "शार्प नाही आलाय यार." तिसरं वाक्य नव्या लेन्सच्या किमतीबद्दल असतं, ते सोडून देऊ. पहिल्या दोन तक्रारींत लेन्सचा दोष क्वचितच असतो. चुकतो तो कामाचा क्रम. पक्षी समोर आला की लोक उजेड जुळवायला घेतात, तो जुळेपर्यंत पक्षी मान वळवतो, मग घाईघाईत फोकस. दोन सेकंदांत दोन कामं, आणि दोन्ही अर्धवट.

म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा ते, पक्षी यायच्या आधीच ठरवून मोकळं व्हायचं. तो आला की हाताला फोकस हे एकच काम उरलं पाहिजे. पुढचे टप्पे याच क्रमाने लावले आहेत. आकडे देताना आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असणारी जोडी धरली आहे: एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा आणि १५०-६०० किंवा १००-४०० मिलिमीटरसारखी झूम, जिचं लांबच्या टोकाला उघडं अपर्चर (उजेड आत येण्याचं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/६.३ च्या आसपास असतं.

## १. आदल्या रात्री, घरी

ही कामं पहाटे अंधारात, थंडीने आखडलेल्या बोटांनी होत नाहीत.

व्ह्यूफाइंडरचा नंबर. डोळा लावायच्या जागेशेजारी एक छोटी चकती असते, डायऑप्टरची. ती बॅगेत घासून फिरते. आत दिसणारे आकडे आणि रेघा स्वच्छ दिसेपर्यंत ती फिरवा. मागे दिसणाऱ्या भिंतीकडे नको, आतल्या आकड्यांकडे बघून. चष्मा लावून फोटो काढणार असाल तर आत्ताही चष्मा लावूनच. माझ्या एका मित्राने महिनाभर लेन्सला शिव्या घातल्या आणि दोष निघाला या चकतीचा.

रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) चालू करा. जेपेगमध्ये पांढऱ्या पिसांचा तपशील फार लवकर उडतो. रॉमध्ये थोडी सवलत मिळते. थोडीच, पण मिळते.

फोकस सतत चालणारा ठेवा. निकॉन आणि सोनीत याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये एआय सर्व्हो किंवा सर्व्हो. एकदाच फोकस करून थांबणारा मोड झाडावर गप्प बसलेल्या घुबडाला चालतो. बाकी कोणी इतकं गप्प बसत नाही.

फोकस मागच्या बटणावर घ्या. एएफ-ऑन बटणाने फोकस, शटरच्या बटणाने फक्त फोटो. मेनूत शिरून शटर अर्धं दाबल्यावर होणारा फोकस बंद करायचा. याने काय साधतं? पक्षी फांदीमागे गेला तर अंगठा उचलायचा, फोकस होता तिथेच थांबतो. पक्षी बाहेर आला की अंगठा पुन्हा खाली. एकाच मोडमध्ये स्थिर आणि हलता, दोन्ही पक्षी जमतात. सवय व्हायला आठवडा लागतो आणि त्या आठवड्यात फोटो बिघडतात, हे आधीच सांगून ठेवतो.

हायलाइट अलर्ट आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख; त्याची उजवी कड म्हणजे पूर्ण उजळ) चालू करा. फोटोत जिथे पांढरा पूर्ण उडाला असेल तो भाग पडद्यावर लुकलुकतो. हिस्टोग्राम लाल, हिरवा, निळा असा तिन्ही रंगांचा वेगवेगळा दिसेल तो निवडा. कारण पुढे येईल.

दोन सेटिंग्ज साठवा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या डायलवर सी१, सी२ किंवा यू१, यू२ अशा जागा असतात. एकीत बसलेला पक्षी (शटर १/५०० सेकंद, एक फोकस पॉइंट), दुसरीत उडता पक्षी (१/२५००, मोठा फोकस झोन).

लेन्सवरचा स्वस्त यूव्ही फिल्टर काढा. ४०० मिलिमीटरच्या पुढे तो तपशील खातो हे दोन फोटो काढून स्वतःच बघा, काचेसह आणि काचेशिवाय. लेन्सच्या रक्षणाला हूड पुरेसं आहे.

> तपासा: बॅटरी भरली? कार्ड रिकामं? एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबात दिलेला प्लस-मायनस) शून्यावर? लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकसचा पल्ला मर्यादित करणारा खटका) कुठे आहे? शेवटच्या दोन गोष्टी मागच्या सहलीतून जशाच्या तशा राहिलेल्या असतात.

## २. गच्चीवर दोन संध्याकाळी

पुण्याहून भिगवणला शंभर किलोमीटर गाडी हाकून तिथे कॅमेरा शिकायचा, हा महागडा मार्ग आहे. पुण्यात घरबसल्या तीन मास्तर फुकट मिळतात: कबुतर, कावळा आणि घार.

कबुतराचं उड्डाण सरळ आणि वेगवान. कावळा काळा, म्हणजे एक्स्पोजरची परीक्षा. घार संथ घिरट्या घालते, तेव्हा पक्षी फ्रेममध्ये धरून ठेवायचा सराव तिच्यावर. सुरुवातीला फोटो काढूच नका. घार व्ह्यूफाइंडरमध्ये पकडा आणि वीस सेकंद मधल्या वर्तुळात ठेवा. बहुतेकांना पक्षी पहिल्यांदा सापडतच नाही, कारण ते ६०० मिलिमीटरवर थेट शोधायला जातात. झूम मागे घ्या, पक्षी शोधा, मग पुढे ढकला. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून, नजर घारीवर खिळवून कॅमेरा डोळ्यापर्यंत आणायचा. नजर खाली नेऊन कॅमेरा बघितला की घार हरवली.

## ३. जागेवर पोचल्यावर: आधी स्वतःची सावली बघा

कॅमेरा बॅगेतच राहू दे. जमिनीवर तुमची सावली कुठे पडते ते बघा. ती पक्ष्यांच्या दिशेने पडत असेल तर ऊन तुमच्या पाठीशी आहे आणि पुढचं सगळं सोपं. आडवी पडत असेल तर पिसांचा पोत छान उठतो, पण डोळ्याची एक बाजू अंधारात जाऊ शकते. सावली तुमच्याच मागे पडत असेल तर तुम्ही उन्हाकडे तोंड करून उभे आहात. तिथे छायाचित्र म्हणून काही वेगळं करता येईल, पण पक्ष्याचा स्वच्छ फोटो हवा असेल तर जागा बदला. कुठल्याही सेटिंगपेक्षा हे दहा पावलांचं चालणं जास्त कामाचं.

दुसरी गोष्ट वारा. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि उतरतातही तसेच. वारा पाठीला असेल तर उडालेला पक्षी तुमच्याकडे तोंड करून येतो. नाहीतर दिवसभर शेपट्यांचे फोटो.

जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि नदीवर धुकं असेल तर साडेसात-पावणेआठपर्यंत ऊन कोवळंच राहतं. या तासाभरात उजेड झपाट्याने वाढतो. सात वाजता ठरवलेले आकडे आठला निरुपयोगी असतात.

## ४. एक्स्पोजर: पक्षी यायच्या आधी

इथे जरा थांबून वाचा, कारण नव्वद टक्के गोंधळ इथला आहे. (आकडा अंदाजाचा, वैताग खरा.)

कॅमेऱ्याचा मीटर पक्षी ओळखत नाही. समोरच्या चित्रात एकूण किती उजेड आहे ते मोजतो आणि सगळं मधल्या करड्या छटेवर आणायला बघतो. काळोख्या पाण्यात छोटासा बगळा उभा असला की मीटरला दिसतं काळं पाणी. तो म्हणतो, अंधार आहे, उजेड वाढवा. पाणी करडं होतं आणि बगळा जळतो. तोच बगळा जवळ येऊन फ्रेमभर झाला की मीटरला दिसतो पांढरा, तो उजेड कमी करतो, आणि बगळा मळक्या धोतरासारखा येतो.

म्हणजे "पांढरा पक्षी असला की प्लस करा" हा ऐकीव नियम अर्धाच खरा. प्लस की मायनस हे पक्ष्याच्या रंगापेक्षा फ्रेममध्ये जास्त जागा कोणी व्यापली आहे त्यावर ठरतं. अपर्चर प्रायॉरिटी (शटर कॅमेरा ठरवतो) किंवा ऑटो आयएसओ (आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, कॅमेरा ठरवतो) वापरणाऱ्यांनी सुरुवातीला एवढं कॉम्पेन्सेशन धरून चालावं (आकडे स्टॉपचे; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा):

- काळ्या पाण्यावर किंवा गर्द झाडीपुढे लहान बगळा: –१ ते –१.७
- फ्रेमभर बगळा: +०.७ ते +१
- उजळ आकाशात घार किंवा काळा कोतवाल: +१ ते +२
- गर्द झाडीत फ्रेमभर कोतवाल: –०.७, नाहीतर तो राखाडी होतो
- वाळलेल्या गवतात चंडोल, उन्हात मातकट वंचक: शून्य, फार तर थोडं इकडेतिकडे

हे चालतं, पण यात एक कायमची अडचण आहे. बगळा उडतो. पाण्यावरून झाडीपुढे, झाडीपुढून आकाशात. दर अर्ध्या सेकंदाला मीटरचं मत बदलतं, आणि तुमचा अंगठा काही इतक्या वेगाने डायल फिरवत नाही.

आता उलट बाजूने विचार करा. पार्श्वभूमी बदलली, पण बगळ्यावर पडणारं ऊन बदललं का? नाही. तो आकाशापुढे असो की जलपर्णीपुढे, त्याच्या पाठीवरचं ऊन तेच. मग त्याचं एक्स्पोजरही तेच. म्हणूनच स्वच्छ उन्हात मी पूर्ण मॅन्युअल वापरतो, आयएसओसुद्धा हाताने. क्रम असा:

पहिलं, अपर्चर एफ/६.३ वर, शटर पक्ष्याच्या वेगाप्रमाणे (पुढचा टप्पा बघा). या दोन्हीला आता हात लावायचा नाही.

दुसरं, आयएसओ अंदाजाने ठेवा. पूर्ण चढलेल्या, स्वच्छ उन्हाचा जुना हिशोब पाठ असू द्या: एफ/१६ ला शटर आयएसओच्या आकड्याइतकं. म्हणजे आयएसओ ४०० असेल तर एफ/१६ ला १/४००, एफ/८ ला १/१६००, एफ/६.३ ला १/२५००. हिवाळ्यात सकाळी साडेआठ-नऊला ऊन तिरपं असतं, तेव्हा उजेड त्याहून कमी. बगळ्यासाठी एफ/६.३, १/२०००, आयएसओ ४०० पासून सुरुवात करा. हे अंतिम आकडे नाहीत, चाचणीची सुरुवात आहे.

तिसरं, उन्हातला सगळ्यात पांढरा पक्षी शोधा आणि त्याचा एक फोटो काढा. कवडीला बगळ्यांची टंचाई नसते. पडद्यावर पाठीची पिसं लुकलुकतात का? नसतील तर आयएसओ एक पायरी वाढवा, पुन्हा फोटो. लुकलुकायला लागलं की दोन पायऱ्या मागे या. एक पायरी म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. झालं. हे आजच्या या उन्हाचं एक्स्पोजर.

बगळा नसेल तर पांढरा रुमाल. स्वच्छ, नीळ न दिलेला. पक्ष्यांवर ज्या बाजूने ऊन पडतंय त्याच बाजूने रुमालावर पडू दे आणि हीच कृती करा. ढगाळ दिवशीही चालते. लोक बघतात, बघू देत.

चौथं, त्याच आकड्यांनी बाकीचे पक्षी काढा. शेकाट्या, चक्रवाक, वंचक, सगळे ठीक येतील. कोतवाल किंवा पाणकावळा फारच काळपट वाटला तर त्याच्यापुरतं दोन पायऱ्या वाढवा आणि आठवणीने परत या. कवड्या धीवरासारखा काळा-पांढरा पक्षी असेल तर बाजू नेहमी पांढऱ्याची घ्या. रॉमध्ये काळ्यातून तपशील वर काढता येतो. उडालेल्या पांढऱ्यात काढायला काही शिल्लकच नसतं.

> सावध: दर दहा-पंधरा मिनिटांनी, आणि ढग आला की लगेच, चाचणीचा फोटो पुन्हा काढा. मॅन्युअलमध्ये कॅमेरा तुमची चूक सुधारत नाही. मी एकदा ढगात ठरवलेल्या आकड्यांवर ऊन आल्यानंतर अर्धा तास फोटो काढत राहिलो होतो. चित्रबलाकांचा अख्खा थवा खडूने काढल्यासारखा आला.

ऊन-सावलीचा खेळ सतत चालू असेल, किंवा पक्षी उन्हातून सावलीत ये-जा करत असेल, तर ही पद्धत सोडा. मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ लावा आणि वरच्या यादीप्रमाणे कॉम्पेन्सेशन द्या. जुन्या काही कॅमेऱ्यांत या जोडीला कॉम्पेन्सेशन चालत नाही. आदल्या रात्री खात्री करून घ्या.

रंगांचं एक राहिलं. रोहित पक्ष्याचे गुलाबी-लाल पंख, निखाराचा लाल, खंड्याचा निळा. इथे एकूण उजेडाचा हिस्टोग्राम साळसूद दिसतो आणि त्याआड एकच रंग आलेखाच्या उजव्या भिंतीला जाऊन आदळलेला असतो. फोटोत तो भाग सपाट, प्लॅस्टिकच्या ठिगळासारखा दिसतो. म्हणून तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम. लाल उजव्या भिंतीला टेकलेला दिसला की एक-दोन पायऱ्या कमी करा.

## ५. शटर स्पीड: आयएसओची भीती सोडा

"आयएसओ ४०० च्या वर जात नाही मी," असं अभिमानाने सांगणारे भेटतात. त्यांचे फोटो दाणेदार नसतात, हललेले असतात. दाणे आता सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी निघतात. हललेला फोटो कशानेही सरळ होत नाही. आणि कमी आयएसओवर काळोखा काढून मग संगणकावर उजळवलेला फोटो, योग्य उजेडात काढलेल्या जास्त आयएसओच्या फोटोपेक्षा सहसा जास्तच दाणेदार निघतो.

बसलेला पक्षी, लेन्स टेकवलेली: १/५००. चिखलात टोचत चालणारे शेकाट्या, धोबी: १/१०००. चित्रबलाक, रोहित असे मोठे उडते पक्षी: १/१६००. नदी सुरय, वेडा राघू: १/२५०० किंवा जास्त. पाण्यावर एका जागी पंख फडफडवणारा कवड्या धीवर: १/३२००, तरी पंखांची टोकं धूसर येतील. ती आली तरी बिघडत नाही, डोळा स्पष्ट हवा.

आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरचा मोह होतो, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याने वेगात हलणारे पंख वाकडे येतात. उडत्या पक्ष्याला मेकॅनिकल शटर घ्या.

## ६. फोकस: डोळा, बाकी काही नाही

६०० मिलिमीटरला, एफ/६.३ वर, दहा मीटरवरचा पक्षी. एपीएस-सी कॅमेऱ्यात फोकसची पूर्ण खोली साधारण सात सेंटिमीटर भरते. पाच मीटरवर ती दोन सेंटिमीटरच्या खाली जाते. म्हणजे जवळ बसलेल्या खंड्याच्या छातीवर फोकस पडला तर डोळा गेलाच म्हणून समजा. "पक्ष्यावर फोकस केला होता" हे उत्तर इथे पुरत नाही.

आधी अंतर जुळवा. पक्षी यायची वाट बघताना लेन्सचा फोकस तो बसेल त्या अंतरावरच्या दगडावर किंवा काठीवर करून ठेवा. लेन्स पाच मीटरवर अडकलेली आणि पक्षी तीस मीटरवर, असं असलं की ती आधी पुढे-मागे धावते आणि तोवर फांदी रिकामी होते.

लिमिटर. लांबच्या पक्ष्यांसाठी तो "१० मीटर ते अनंत" अशा खुणेवर ठेवला की लेन्सची धाव कमी होते. पण मग पायाशी आलेल्या धोब्यावर फोकस होत नाही आणि लोक लेन्स बिघडली म्हणून हादरतात.

पॉइंट निवडा. फांद्यांच्या जाळीत बसलेला पक्षी असेल तर एकच छोटा पॉइंट, थेट डोळ्यावर. मोठा झोन दिलात तर कॅमेरा सर्वात जवळची काडी पकडतो. मोकळ्या आकाशात उडणारा पक्षी असेल तर मोठा झोन.

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखणारा फोकस असतो. फार उपयोगी आहे, मीही वापरतो. पण तो डोळे झाकून वापरायचा नाही. मेनूत "प्राणी" आणि "पक्षी" वेगळे असतील तर पक्षी निवडा. पूर्ण फ्रेमऐवजी छोट्या झोनबरोबर लावा. काळ्या कोतवालाचा काळा डोळा, पाठमोरा पक्षी, फ्रेममध्ये ठिपक्याएवढा पक्षी किंवा गवताआडचा चंडोल समोर आला की तो गोंधळतो. डोळ्यावर चौकोन आलेला दिसला म्हणजे फोकस बसला, असंही नाही. त्यामुळे एका बटणावर साधा छोटा पॉइंट लावून ठेवा, चौकोन भरकटला की लगेच त्यावर जाता येतं.

अंगठा पुन्हा दाबा. बसलेल्या पक्ष्याचे सलग वीस फोटो काढण्यापेक्षा चार-पाच काढा, अंगठा उचला, पुन्हा दाबा, परत चार-पाच. पहिल्या फोकसमध्ये केसभर चूक असेल तर वीसच्या वीस चुकलेले निघतात. पुन्हा फोकस केल्याने निदान एक तुकडी वाचते.

> तपासा: पहिल्या तुकडीनंतर एक फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून थेट डोळा बघा. लहान पडद्यावर अख्खा फोटो नेहमीच शार्प दिसतो.

आधार: गाडीच्या खिडकीवर किंवा बांधावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ट्रायपॉडपेक्षा जास्त चालते. हातात धरून काढत असाल तर कोपर बरगड्यांना टेकवा, डावा हात लेन्सच्या पुढच्या भागाखाली. आणि पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला या. खाली बसलात की फोटो तर सुधारतोच, हातही स्थिर राहतो.

## ७. उडता पक्षी

लांब असतानाच पकडा. पक्षी ठिपका असताना फोकस सुरू करा, फोटो काढू नका, नुसतं त्याच्याबरोबर फिरत राहा. पाय ज्या दिशेला फोटो काढायचा आहे तिकडे रोवलेले, आणि वळायचं ते कमरेतून. पक्षी हव्या त्या जागेवर आला की छोटी तुकडी. फोटो काढून झाल्यावरही दोन सेकंद लेन्स त्याच्याबरोबर फिरू दे. बटण दाबताक्षणी हात थांबतो, आणि शेपटी फ्रेमबाहेर जाण्याचं कारण हेच असतं.

पक्षी आकाशातून झाडीपुढे आला की फोकस मागच्या पानांवर उडी मारतो. यासाठी मेनूत ट्रॅकिंगची संवेदनशीलता असते, ती "चिकट" बाजूला एक-दोन खुणा सरकवा. मध्ये काही आडवं आलं तरी कॅमेरा लगेच पक्षी सोडत नाही. तरी सोडलाच, तर अंगठा उचला, पक्षी मध्यावर आणा, पुन्हा दाबा. दाबून धरून वाट बघत बसू नका.

एक्स्पोजर मात्र चौथ्या टप्प्यात ठरलं तेच. पक्षी आकाशात गेला म्हणून हात डायलकडे जाईल. जाऊ देऊ नका. अपवाद एकच: पक्षी डोक्यावर आला तर त्याची सावलीतली पोटाची बाजू दिसते, तेव्हा एक स्टॉप वाढवा.

## ८. पुण्याभोवतीच्या तीन जागा, तीन अडचणी

भिगवण, होडीतून. उजनी धरणाच्या पाण्यावर सकाळ चढली की पाण्यालगतची हवा थरथरू लागते. लांबच्या पट्टकादंबांवर फोकस अचूक बसला तरी फोटो सॉफ्ट येतो, आणि दोष कॅमेऱ्याला मिळतो. या थरथरीवर सेटिंग नाही. पहिल्या होडीने निघा, आणि ऊन तापलं की लांबचे पक्षी सोडून जवळचे घ्या. होडीत ट्रायपॉड नको, इंजिनची थरथर थेट लेन्सपर्यंत येते. बसून, हातात धरून, शटर १/२००० च्या वर. निघतानाच नावाड्याला सांगा, "दादा, ऊन पाठीला राहील असं घ्या, आणि थोडं लांबच इंजिन बंद करा." रोहितांच्या थव्यात होडी घालायला सांगू नका. उडालेल्या थव्याचे फोटो पाठमोरेच येतात, आणि त्यांची खायची वेळ फुकट जाते ती वेगळी.

सिंहगड व्हॅली, झाडीत. इथे प्रश्न अंधाराचा. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर गर्द हिरव्या सावलीत बसतो, मीटर फसतो, लांब शेपटी जळते. ऑटो आयएसओला –१ पासून सुरू करा. शटर १/२५० पर्यंत उतरावं लागेल, आयएसओ ३२०० च्या पुढे जाईल, जाऊ द्या. नर्तक आणि माशीमार हालचालींच्या मध्ये क्षणभर गोठल्यासारखे थांबतात, तुकडी तेव्हा काढा. अर्धा उन्हात आणि अर्धा सावलीत असलेला पक्षी कुठल्याच एक्स्पोजरने नीट येत नाही. तो पूर्ण सावलीत सरकेपर्यंत थांबा. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका आणि घरट्याजवळ थांबू नका.

सासवड-सुप्याची माळरानं, गाडीतून. इंजिन बंद, एसी बंद, काचा आधीच पूर्ण उघड्या. बंद गाडीतली हवा आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फरक असला की खिडकीच्या तोंडाशीच थरथर तयार होते. बॉनेटवरून फोटो काढलात तर तीच गोष्ट. तारेवर बसलेल्या नीलपंख किंवा कापशीला मागे उजळ आकाश असतं, तेव्हा एकतर चौथ्या टप्प्याचं मॅन्युअल, नाहीतर +१.३.

## ९. घरी आल्यावर: काय चुकलं ते ओळखा

खराब फोटो लगेच उडवू नका. आधी शंभर टक्के मोठे करून बघा, कारण प्रत्येक चुकीची खूण वेगळी असते.

पक्षी धूसर, पण मागची किंवा पुढची काडी टोकदार: फोकस चुकला, पॉइंट लहान घ्यायला हवा होता. फ्रेममधलं काहीच टोकदार नाही आणि कडा एकाच दिशेला दुहेरी: हात हलला, शटर वाढवा. डोकं धूसर, पाय आणि फांदी स्पष्ट: पक्षी हलला, तरीही शटरच वाढवा. कडा लाटांसारख्या, आणि एका ठरावीक वेळेनंतरचे सगळेच तसे: हवेची थरथर.

प्रत्येक फोटोत फोकस सातत्याने थोडा मागेच किंवा पुढेच पडत असेल, आणि कॅमेरा डीएसएलआर (आत आरसा असलेला) असेल, तरच लेन्सच्या फोकसची बारीक जुळवणी करायला घ्या. त्याआधी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, तिरपं ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या एका ओळीवर फोकस करून दहा फोटो काढा. दहाच्या दहा एकाच बाजूला सरकले तर दोष खरा. तीन इकडे, चार तिकडे असतील तर दोष आपला.

शेवटचं काम, कॅमेरा बॅगेत जायच्या आधी: कॉम्पेन्सेशन शून्यावर, लिमिटर पूर्ण, ऑटो आयएसओ परत. नाहीतर संध्याकाळी भाचीच्या वाढदिवसाचा केक १/३२०० ने निघतो, आणि "एवढी मोठी लेन्स घेऊन काळाच कसा रे येतो फोटो?" हे सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं.